एडमंडच्या पायाखालची फळी

पेन्झान्स, ९ ऑक्टोबर २०१८

प्रिय मॅविस,

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू बोलतच नाहीस.

काल जुडिथचं पत्र आलं. मौनसभेची चिटणीस झाल्यापासून ती साधं पत्रही इतिवृत्तासारखं लिहिते. कोण आजारी, कोणाला नातू झाला, सभागृहाच्या कुरकुरणाऱ्या जमिनीचं काय करायचं. आणि शेवटी, जाता जाता घातल्यासारखं, "एडमंड आणि मॅविस मार्चपासून रविवारी दिसले नाहीत. आम्हाला चुकल्यासारखं होतं."

मार्चपासून! आणि जुलैमध्ये तू मला लिहिलंस, "रविवारची मौनसभा छान झाली." कुठली मौनसभा?

माझा भाऊ शाळेची बस चालवायचा तेव्हा बर्फाने रस्ते बंद झाले की बस दारात ठेवायचा आणि रविवारी खोरं ओलांडून पायी यायचा. तो माणूस सहा-सात महिने घरी बसतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. कोणाशी वाजलंय का? का त्याचा विश्वास उडाला? उडाला असेल तर तसं सांग, मी काही झीट येऊन पडणार नाही. पण मला गुलाबांच्या गोष्टी सांगून गप्प बसवू नकोस. कंपवात वाढलाय का? डॉक्टर काय म्हणतात?

सगळं लिही. लपवाछपवी तुला जमत नाही, उगाच अक्षर वाकडं येतं तुझं.

तुझी,
हेस्टर


कॅरबेक, १६ ऑक्टोबर २०१८

प्रिय हेस्टर,

मौनसभा छान झाली हे खोटं नव्हतं. ती आमच्या स्वयंपाकघरात झाली. रविवारी साडेदहाच्या सुमाराला एडमंड तपकिरी कोट घालतो, खिडकीपाशी बसतो, मी समोर बसते, आणि तासभर आम्ही दोघं गप्प असतो. पाय हलतो, पण स्वयंपाकघराची जमीन दगडी आहे. दगड तक्रार करत नाही.

झालंय ते एवढंच. विश्वास वगैरे काही उडालेला नाही.

तुला सभागृहाची जमीन आठवत असेल. खालची पोकळी, पोकळीवर तुळया, तुळयांवर फळ्या. बारा वर्षांपूर्वी आपण त्या पोकळीत गरम पाण्याचे पाइप घातले तेव्हा सगळ्यांना किती धन्य वाटलं होतं! हिवाळ्यात बोटं बधिर होईपर्यंत बसणं संपलं. पण जुन्या फळ्या टाकवेनात. आपल्या लोकांना कधी काही टाकवलंय? त्याच काढल्या, त्याच परत ठोकल्या. उबेने त्या वाळल्या, आकसल्या, खिळे सैल झाले, आणि आता एकेक फळी आपापल्या खिळ्याशी भांडत असते.

तुझ्या भावाचा कंपवात उजव्या पायात आहे. तो पाय फळीवर ठेवला की कुर्र, कुर्र, कुर्र. दुसऱ्या कुठल्या पंथात असतो तर वाद्यांच्या आणि प्रवचनाच्या आवाजात झाकलं गेलं असतं. आपल्याकडे ना पाद्री, ना भजन. सोळा माणसं डोळे मिटून बसलेली आणि मध्ये एकच आवाज, तो माझ्या नवऱ्याचा. पायाखाली उशी घातली. सतरंजी घातली. दाराजवळच्या बाकावर बसून पाहिलं. थांबवायचा प्रयत्न केला की पाय जास्तच हलतो. घाम यायचा त्याला, हेस्टर.

कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आणि मग फेब्रुवारीत एका रविवारी क्लिफर्ड उठला. विशीत असल्यापासून एडमंडच्या शेजारी बसणारा क्लिफर्ड. उठला आणि समोरच्या खिडकीखाली जाऊन बसला. पुढच्या रविवारीही तिथेच. घरी येताना एडमंड म्हणाला, "त्याची काही चूक नाही. मीही उठलो असतो." त्यानंतर एकदा-दोनदा गेलो असू. मग नाही.

लोक चांगले आहेत. सूप पाठवतात, कार्डं पाठवतात. जमिनीचा विषय मात्र काढत नाहीत. आणि आता म्हणे सगळी जमीनच बदलायची! मला लाजेने मेल्यासारखं झालंय. एका माणसाला तोंडावर सांगायचं जिवावर येतं म्हणून आख्खी जमीन उखडणार. मला नको आहे ते. आम्ही घरी ठीक आहोत.

तुझी,
मॅविस


पेन्झान्स, २३ ऑक्टोबर २०१८

प्रिय मॅविस,

घरी ठीक आहात म्हणे. ठीक असलेला माणूस कोट घालून स्वयंपाकघरात बसत नाही.

जमीन खराब झाली म्हणून जमीन बदलतात. तुझा नवरा एवढा मोठा नाही की त्याच्यासाठी कोणी सभागृह खणेल. मी तिथे होते तेव्हाही ती कुरकुरायची. उशिरा येणारा माणूस चवड्यावर चालत यायचा आणि त्याने जास्तच आवाज व्हायचा, आठवतं? मी तर एकदा बाहेरूनच परत गेले होते.

कामकाजाची सभा पहिल्या रविवारी असेल ना? तू जा. एडमंडला यायचं नसेल तर एकटी जा. लोक काय म्हणतात ते स्वतःच्या कानांनी ऐक. तुला आहेत अजून कान.

क्लिफर्डचं मात्र मला नवल वाटलं. तो माणूस मेंढ्यांशीसुद्धा सभ्यपणे वागतो.

हेस्टर


कॅरबेक, ५ नोव्हेंबर २०१८

प्रिय हेस्टर,

गेले. न जाते तर बरं झालं असतं.

जुडिथने सगळं नीट मांडलं. नुसते स्क्रू मारून फळ्या घट्ट करता येत नाहीत, कारण खाली पाइप नेमके कुठून गेलेत ते कोणाला ठाऊक नाही. एक स्क्रू चुकला की पाइप फुटला आणि पोकळीत तळं. म्हणून तिचं म्हणणं असं, की फळ्या काढा, पाइपही काढा, पोकळी भरून सिमेंट ओता, वर जाड गालिचा घाला आणि भिंतींना विजेचे हीटर लावा. कायमची शांतता. सगळ्यांनी माना डोलावल्या. एडमंडचं नाव कोणी घेतलं नाही. मी खाली बघत बसले होते, पण आतून, खरं सांगते, माझं मन उड्या मारायला लागलं होतं. मला नको, नको म्हणत होते ना? मला ते किती हवं होतं ते मला तिथे बसल्यावर कळलं. गालिच्यावर त्याचा पाय कितीही हलला तरी कोणाला कळणार नव्हतं. तो परत आपल्या माणसांत बसला असता.

जुडिथ ठराव वाचायला लागली आणि क्लिफर्ड उभा राहिला. "मला हे पटत नाही," एवढंच म्हणाला.

जुडिथने विचारलं, "कारण सांगशील?"

"आत्ता नाही," म्हणाला आणि बसला.

संपलं. मतदान असतं तर पंधरा विरुद्ध एक झालं असतं. पण आपल्यात हात मोजत नाहीत. एकाच्याही मनाला पटलं नाही की गोष्ट थांबते. आजवर मला या पद्धतीचा केवढा अभिमान होता! काल तिथल्या तिथे क्लिफर्डला बाकासकट बाहेर टाकावंसं वाटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा विषय घेऊ, म्हणाले.

घरी आल्यावर एडमंडने विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, पुढे ढकललं. "कोणी ढकललं?" मी म्हटलं, चहा घे.

क्लिफर्डला एडमंड तिथे नको आहे. दुसरा अर्थ मला लागत नाही. आधी शेजार सोडला, आता वाट अडवली.

मॅविस


पेन्झान्स, १३ नोव्हेंबर २०१८

मॅविस,

दुसरा अर्थ लागत नसेल तर त्याला विचार! तुमच्या आणि त्याच्या घरात एक कुरण आहे, समुद्र नाही. तुम्ही सगळे एकमेकांचं मन जपता जपता एक दिवस गुदमरून मराल.

आठवडाभरात तू विचारलं नाहीस तर मी विचारीन. धमकीच समज.

हेस्टर


कॅरबेक, २ डिसेंबर २०१८

प्रिय हेस्टर,

तू खरंच लिहिलंस त्याला! मी इतकी संतापले होते की तुझ्या त्या पत्राला मुद्दामच उत्तर दिलं नाही. आता देते, कारण आता राग कुठे ठेवला तेच आठवत नाही.

गुरुवारी सकाळी क्लिफर्ड स्वयंपाकघराच्या दारात. टोपी हातात, बूट चिखलाने भरलेले. मी भांडी घासत होते, वळलेसुद्धा नाही.

"हेस्टरचं पत्र आलं," तो म्हणाला. "तीन पानं. शिव्या सोडून सगळं आहे त्यात."

"शिव्या का सोडल्या कोण जाणे," मी म्हटलं. "बस."

"उभाच बरा आहे. तू म्हणतेस मी एडमंडला टाळतो."

"उठून समोर गेलास की नाही?"

"गेलो."

"का?"

तो जरा वेळ टोपी फिरवत राहिला. "मॅविस, आम्ही दोघं एकाच फळीवर बसायचो. एका टोकाला त्याचा पाय, दुसऱ्या टोकाला मी. माझ्याकडे बघ एकदा. मी बसलो की फळी दबते आणि तिकडचं टोक खिळ्यावर उचललं जातं. त्याचा पाय नुसता हलायचा, गोंगाट माझ्या वजनाचा होता. म्हटलं, मी उठलो तर बिचाऱ्याला बरं पडेल."

"मग तसं सांगायचं नाही का रे?"

"काय सांगू? तुझ्या पायाचा आवाज येतो म्हणून मी उठतो? असं कोणी कोणाच्या तोंडावर सांगतं होय?"

मी हात पुसले. "आणि जमिनीच्या ठरावाला का आडवा गेलास?"

"पाइप काढायला निघालेत ना ते! एडमंड आत आला की बूट काढून बसायचा. मोजे तापले की हळूहळू त्याचा पाय निवायचा. पुरता थांबायचा नाही, पण निवायचा. तू दारातून लोकांना नमस्कार करत असायचीस, मी शेजारी असायचो, मला दिसायचं. आता भिंतीवर हीटर लावले म्हणजे टाळकं गरम आणि पाय गार. जमीन गप्प होईल, पण याचा पाय दुपटीने नाचेल. मग हा येणार का?"

"हे सभेत सांगता आलं नसतं?"

"एवढ्या लोकांसमोर त्याच्या पायाची चर्चा करू? आणि तीसुद्धा त्याच्या पाठीमागे?"

"पाठीमागे कशाला?" खिडकीजवळून आवाज आला. "मी इथेच बसलोय."

हेस्टर, आम्ही दोघंही त्याला विसरलो होतो. एडमंड आपला खुर्चीत, पाय चाललेला, आणि चेहरा असा की हसतोय का रडतोय कळेना. "क्लिफर्ड, गाढवा," तो म्हणाला, "मला वाटलं तुला माझा कंटाळा आला."

"कंटाळा तर आहेच," क्लिफर्ड म्हणाला. "पन्नास वर्षं झाली की."

मग तो बसला. चिखलाच्या बुटांसकट बसला आणि मी एक शब्द बोलले नाही. केकचा मोठा तुकडा कापून दिला. दहा महिने तीन शहाणी माणसं एकमेकांचं मन दुखू नये म्हणून गप्प राहिली आणि तिघांचीही मनं दुखवून घेतली. असला मूर्खपणा आपल्याच लोकांना जमतो.

आजच्या सभेत क्लिफर्डने एडमंडला विचारून, त्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं. जुडिथचे डोळे भरले. तिने त्याच कागदावर नवा ठराव लिहिला. पाइप राहतील, तुळया राहतील, जुन्या फळ्या जातील आणि नव्या बसतील. या वेळी कोणाच्या मनात काही किंतु उरला नाही. मला एवढं हलकं वाटतंय की जिना चढताना कठड्याला हात लावायचं राहून गेलं.

तुझी (खरंच तुझी),
मॅविस


पेन्झान्स, १७ डिसेंबर २०१८

प्रिय मॅविस,

तुझं पत्र वाचून इतकी रडले की लेकीला वाटलं कोणीतरी गेलं. तिला म्हटलं, कोणी गेलं नाही, एकजण परत येतोय.

क्लिफर्डला सांग, तीन पानांतली अडीच पानं मी परत घेते. उरलेलं अर्धं त्याला लागू आहे.

सुतार कोण धरलाय? त्याला घाई करू देऊ नका. आणि एडमंड काय म्हणतो ते लिही. तू आनंदात असलीस की त्याचं काही लिहीतच नाहीस.

नाताळाच्या शुभेच्छा. ख्रिसमसचा केक या वर्षी माझ्या जावयाने केलाय, तेव्हा आमच्यासाठी प्रार्थना करा.

हेस्टर


कॅरबेक, २७ जानेवारी २०१९

प्रिय हेस्टर,

सुतार बॅरी म्हणून आहे, खालच्या गावचा. कामाला चोख, पण तोंडाला क्षणाची उसंत नाही. करवत चालू असताना बोलतो, करवत थांबली की जास्त बोलतो. जुडिथ म्हणते, तीनशे वर्षांत त्या खोलीत जेवढे शब्द उच्चारले गेले नसतील तेवढे याने एका आठवड्यात उच्चारले.

नव्या ओकच्या फळ्या नाताळानंतर लगेच आल्या. मला वाटलं, आता बसवून टाकतील. पण बॅरीने खोलीच्या मधोमध त्यांची चळत लावली, दोन फळ्यांमध्ये काटक्या ठेवल्या, खालची ऊब मंद चालू ठेवली आणि निघून गेला. तीन आठवडे! "फळ्यांना इथली हवा लागू दे बाई," म्हणाला. "जे काय वाळायचं, आकसायचं ते आधी होऊन जाऊ दे. मागच्यांनी घाई केली, म्हणून तर तुमची ही दशा." दर रविवारी लोक त्या चळतीभोवती बाक मांडून बसायचे. लाकडाच्या वखारीत देवाची आठवण काढल्यासारखं दिसायचं, असं क्लिफर्ड सांगतो.

आता तुझ्या भावाचं. जुनी पहिली फळी कापायची वेळ आली तेव्हा बॅरी अडला. पाइप टाकणाऱ्याने काढलेल्या नकाशात सरळ रेघा होत्या, पण एका कोपऱ्यात फटीतून बॅटरी मारून पाहिलं तर पाइप नागमोडी गेलेला. करवत नेमकी कुठे चालवायची? क्लिफर्ड तिथेच उभा होता. तो निघाला आणि थेट आमच्या घरी आला.

"एडमंड, चल. तुझे पाय हवेत."

"माझे पाय? कशाला, अजून थोडा आवाज हवाय का?"

पण गेला. बूट-मोजे काढले, बॅरीच्या दंडाला धरलं आणि त्या जमिनीवर पाऊल पाऊल चालला. "इथे गरम. इथे नाही. इथे आहे, इथून वळलाय." मागून क्लिफर्ड एवढं मोठं पोट सावरत गुडघ्यांवर रांगत खडूने रेघ ओढत होता. फळ्या बोंबलत होत्या, एडमंडचा पाय नाचत होता, बॅरी बोलत होता आणि मी दारात उभी राहून हसत होते. एवढी हसले की बाकाला धरावं लागलं. पहिली फळी उचलली तेव्हा पाइप खडूच्या रेघेखालीच निघाला. एडमंडने एकदाच मान हलवली, बसचं वळण नीट घेतल्यावर हलवायचा तशी.

तेव्हापासून तो रोज जातो. चहाचा थर्मास घेऊन जातो, सूचना देतो. बॅरी त्याला मुकादम म्हणतो. पण रविवारी अजून येत नाही. काल मी विचारलं तर म्हणाला, "मॅविस, जुनी फळी कुरकुरायची तेव्हा मला म्हणता येत होतं की जमीन वाईट आहे. नवीही कुरकुरली तर?"

मलाही तीच भीती आहे. आता सगळ्यांनी एवढं केलं, आणि तरी आवाज आला, तर तो पुन्हा त्या दारातून आत जाणार नाही. आयुष्यभर नाही. रात्री पडल्या पडल्या मी नव्या फळ्यांचे आवाज ऐकत असते, आणि त्या तर अजून बसल्यासुद्धा नाहीत.

तुझी,
मॅविस


पेन्झान्स, २२ फेब्रुवारी २०१९

प्रिय मॅविस,

कंबर धड असती तर गाडीत बसून आले असते. ती नाही, म्हणून मार्चच्या पहिल्या रविवारी साडेदहाला मी इथे खिडकीत बसेन. समुद्राचा आवाज फार होतो, पण तो माझ्या बहिऱ्या कानांना चालतो.

एडमंडला सांग, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे. कुरकुरलं तर कुरकुरलं. जा म्हणावं.

हेस्टर


कॅरबेक, ४ मार्च २०१९

प्रिय हेस्टर,

आधी बातमी देते, मग तपशील, नाहीतर तू पानं उलटून शेवट वाचशील. तो गेला. आवाज नाही. एकसुद्धा नाही.

आता ऐक. फळ्या बसवून झाल्यावर बॅरीने ऊब एकदम वाढवू दिली नाही, रोज थोडी थोडी वाढवत नेली. जुडिथ रोज सकाळी जाऊन बटण जरासं फिरवायची आणि काल पहिल्यांदा खोली पूर्ण तापली. म्हणजे खरी परीक्षा कालच होती. सकाळी एडमंडने कोट घातला आणि सवयीने खुर्चीकडे निघाला. मी दार उघडून उभी राहिले. तो दाराकडे बघत म्हणाला, "हेस्टर खिडकीत बसली असेल, नाही का? बसली असेल तर गेलंच पाहिजे, नाहीतर पत्र येईल."

आम्ही पोचलो तर आत वेगळाच तमाशा. सगळे खोलीभर फिरत होते. म्हाताऱ्या बाया टाचा आपटत होत्या, जुडिथ कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एका पायावर उभी राहत होती आणि क्लिफर्ड मधोमध चक्क उडी मारत होता. आम्हाला बघून सगळे एकदम सभ्य झाले. क्लिफर्ड धापा टाकत आपल्या जुन्या जागेवर बसला आणि शेजारच्या बाकावर थाप मारली. एडमंडने बूट काढले.

मौन सुरू झालं. मी डोळे मिटलेच नाहीत. मी त्याचा पाय बघत होते. जरा वेळ शांत होता, मग सुरू झाला, टाच वरखाली, वरखाली. नवी फळी, खालून ऊब, वर त्याचा मोजा. काही नाही. बाहेर कावळे ओरडत होते ते ऐकू आलं. कोणाचं तरी पोट गुरगुरलं ते ऐकू आलं. पाय हलत राहिला आणि जगात कोणाला पत्ता नव्हता. हळूहळू तो निवायला लागला. क्लिफर्डने सांगितलं होतं तसाच. एडमंडचे डोळे मिटलेले होते आणि कपाळावर घाम नव्हता. पायांतून ऊब वर चढत होती. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते, म्हणजे सभा संपली होती, आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते. एडमंड माझा दंड हलवत होता. मी घोरत होते, हेस्टर. पाऊण तास. जुडिथ म्हणते, एकदा तर खिडकीची काच हलली. त्या शांत, नव्याकोऱ्या जमिनीवर, साऱ्या गावाने खर्चून आणि खपून मिळवलेल्या त्या शांततेत, मी घोरले.

घरी येताना मी त्याच्यावर चिडले. "शेजारी बसून ऐकत होतास ना? मग उठवलं का नाहीस? केवढी शोभा झाली!"

तो थांबला. काठी टेकून, त्या कुरणाच्या मधोमध. "कशाला उठवू?" म्हणाला. "गेली तीन वर्षं माझ्या पायावर पहारा देत जागीच होतीस की."

मला वाटायचं त्याला ठाऊक नाही. मी रडले, मग हसले, मग नाक पुसलं. आम्ही हात धरून सावकाश घरी आलो. जेवायला फार उशीर झाला आणि बटाटे करपले.

तुझी,
मॅविस